नाशिकला उतरवलेला चष्मा

चंडीगड, सेक्टर २२
५ जुलै

विहीणबाई,

वर ‘सा. न. वि. वि.’ लिहिलं होतं, ते खोडलं. खाडाखोड दिसते आहे, दिसू दे. आम्ही इकडे खुशाल नाही, आणि तुमची खुशाली आज मी विचारत नाही.

फोन केला असता, पण माझं पहिलं वाक्य संपायच्या आत तुम्ही ‘बरं बरं, ठेवते’ म्हणता, आणि मला राग आला की शब्द सापडत नाहीत. कागद मध्येच ठेवून देत नाही. माझं शिक्षण चौथीपर्यंत, त्यातही द्राक्षांचा हंगाम आला की आई शाळेतून काढून बेदाण्याच्या शेडवर बसवायची. तेव्हा काना-मात्रा चुकला तर चालवून घ्या. मजकूर चुकलेला नाही.

तुम्ही आपल्या नातीचा, अक्षराचा, चष्मा काढलात. सुट्टीला ती तुमच्याकडे आली तेव्हा तो तिच्या नाकावर होता. परत आली तेव्हा बॅगेच्या तळाशी, तुमच्या मऊ रुमालात गुंडाळलेला, गाठ मारून. ती गाठ सोडवताना माझी नखं दुखली. इतकी घट्ट गाठ कशाला मारली होती? तो काय पळून जाणार होता?

खरं सांगायचं तर आधी मीही फसले. तुम्ही ग्रुपवर तो व्हिडिओ टाकलात, पोरगी तुमच्या हॉलच्या दारात उभी राहून समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरचे आकडे धडाधड वाचते आहे, बिनचष्म्याची. खाली तुम्ही लिहिलेलं, बडीशेप, बदाम आणि खडीसाखरेची पूड, त्रिफळ्याचं पाणी, सकाळी ओल्या हिरवळीवर अनवाणी. पहिल्या आठवड्यात तिला त्यातला एकही आकडा वाचता येत नव्हता आणि आता सगळे येतात. मला इतका आनंद झाला की मी लगेच बेसन भाजायला घेतलं. वरच्या मजल्यावरच्या चावलाबाई वड्या घेताना म्हणाल्या, ‘आंटी जी, किस खुशी में?’ मी म्हटलं, नातीचा चष्मा सुटला. त्यांनी मला मिठी मारली. या पंजाबी बाया मिठी मारतात तेव्हा बरगड्या मोजून घेतात, पण माणसं मोकळी.

आता त्या चावलाबाईंना जिन्यात तोंड दाखवायची मला लाज वाटते.

झालं असं की शाळा उघडल्यावर आमच्या ऋजुताने मोहालीच्या ऑफिसातून अर्धा दिवस काढला आणि आम्ही पोरीला डोळ्यांच्या दवाखान्यात तपासायला नेलं. तिथे डोळ्यांचा नंबर काढणाऱ्या हरलीन मॅडम आहेत. जानेवारीत पहिला चष्मा त्यांनीच दिलेला. पोरीला खुर्चीत बसवलं, समोर अक्षरांची पाटी. आणि विहीणबाई, पोरगी बिनचष्म्याने जानेवारीपेक्षा दोन ओळी जास्त वाचून गेली. मी फुगले. मनातल्या मनात तुमच्या पाया पडले, हे पण लिहून ठेवते.

मग तिला यंत्रासमोर बसवलं. नंबर तेवढाच. उजव्या डोळ्याचा तर थोडा वाढलेला.

मी म्हटलं, यंत्र बिघडलं असेल. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी मला शेजारच्या स्टुलावर बसवलं आणि कॉम्प्युटरवर एक चित्र लावलं, फळांच्या टोपलीचं, पण सगळं पुसट, साय धरल्यासारखं. म्हणाल्या, याच्याकडे बघत बसा. मी बसले. मला वाटलं हे काय खुळ्यासारखं. थोड्या वेळाने ते चित्र मला काही इतकं वाईट दिसेना. मग त्यांनी एकदम नीट चित्र लावलं. अहो, डोळ्यांत टोचलं. सफरचंदाची कड सुरीने कापून काढल्यासारखी, द्राक्षं खडबडीत. मी म्हटलं हे चित्र खोटं आहे, जास्तीचं उठवलंय. त्या म्हणाल्या, नाही, हेच खरं आहे, आताच पुसट बघून बघून तुमची नजर तिकडे सरकली. थोडा वेळ हे बघा. बघितलं, आणि फळं परत फळांसारखी झाली.

मग त्या म्हणाल्या, ‘आँख वही है, आंटी जी। दिमाग ने धुंध से दोस्ती कर ली है।’

धुक्याशी दोस्ती. हे मला एका झटक्यात कळलं, कारण हे मी लहानपणी केलेलं आहे. शेडवर पिवळा-हिरवा बेदाणा वेगळा, काळपट वेगळा असं निवडायला बसायचो. सकाळी काळपट दाणा पटकन दिसायचा. काळपट ढिगात हात घालून तासभर बसलं की तोच बरा वाटायला लागायचा, आणि चांगल्या टोपलीत जायला लागायचा. आमची मुकादमीण म्हणून शेजारी ताटलीत नंबर एकचा बेदाणा ठेवायची आणि ओरडायची, मान वळवून त्याच्याकडे बघा ग भवान्यांनो. आमचे डोळे बिघडले नव्हते, फक्त वाईटाला चांगलं म्हणायला शिकले होते.

तुमच्या बदामांनी आणि हिरवळीने तेवढंच केलं. खरं तर त्यांनीही नाही. नुसता चष्मा काढून ठेवला असता तरी पोरगी कॅलेंडर वाचायला लागली असती. तिच्या डोक्याने पुसट आकड्यांवरून आकडा ओळखायची युक्ती शोधली, म्हणजे पोरगी हुशार आहे, ते श्रेय तुमचं नाही.

आता उजव्या डोळ्याचं. त्याचा नंबर डाव्यापेक्षा बराच जास्त. मॅडम म्हणाल्या, त्या डोळ्याकडून सतत पुसटच येत राहिलं तर डोकं त्याचं ऐकणंच सोडून देतं. मग पुढे कितीही भारी काच लावा, डोळा उघडा असून नसल्यासारखा. लहानपणी चष्म्यातून नीट बघत राहिलं तर तो शिकतो, मोठेपणी शिकवणं अवघड होत जातं. पोरगी सात वर्षांची आहे. म्हणून मी भांडते आहे. नाहीतर बडीशेप काय, मीही खाते.

आणि आता ती चष्मा घालत नाही. घातला की टोचतं म्हणते. मी जबरदस्तीने घातला तर काढून सोफ्याखाली सरकवते आणि मला म्हणते, ‘आजी ने बोला ठीक हो गया। आप झूठ बोलते हो, नानी।’

इथल्या मुलींचं ऐकून मला ती नानी म्हणते, आजी हा शब्द तुमच्याकडे गेला. जाऊ दे म्हटलं होतं मी. पण माझा शब्द खोटा आणि तुमचा खरा, हे मला सोसत नाही.

जानेवारीत तिला पहिला चष्मा लागला तेव्हाचं तुम्ही पाहिलेलं नाही. पहिले काही दिवस कोंबडीसारखी पाय उचलून चालायची, जमीन वर येते म्हणायची, रडायची. आम्ही काढू दिला नाही. मग एका सकाळी गच्चीवर पापड वाळत घालायला गेलो, स्वच्छ ऊन होतं, आणि ती एकदम थबकली. उत्तरेकडे बोट केलं. तिकडे डोंगर दिसतात, इथे सगळ्यांनाच दिसतात. दोन वर्षं आम्ही तिला ‘ते बघ डोंगर’ म्हणायचो आणि ती ‘हो’ म्हणायची. त्या दिवशी म्हणाली, ‘नानी, ये था पहाड़?’ तिला वाटत होतं आभाळाच्या खालच्या राखाडी पट्ट्याला डोंगर म्हणतात. मग संध्याकाळी परत घेऊन गेली, मधुरिमा नावाच्या मैत्रिणीला पण ओढून आणलं, आणि जणू डोंगर हिनेच आणून ठेवलाय अशा थाटात दाखवला. मला इतकं हसू येत होतं. मी जन्मात एवढी खूश झाले नव्हते, माझ्या लग्नात तर नाहीच.

तो डोंगर तुम्ही परत पट्टा करून ठेवलात.

तिला फोन करा आणि सांगा, चष्मा घाल. एवढंच.

वासंती


१५ जुलै

विहीणबाई,

फोन आला तुमचा. अक्षराला नाही, निशांतला. जावई बिचारे शब्द गिळून सांगत होते, पण मी आजूबाजूलाच होते आणि तुमचा आवाज फोनच्या बाहेर येतो. ‘तुझ्या सासूला लेकीच्या घरचं अन्न पचत नाही वाटतं, म्हणून मला शहाणपण शिकवते. माझ्या हातून पोरीला दिसायला लागलं ते तिला बघवत नाही.’

बरं. लेकीच्या घरचं मी खाते. आमच्या आईच्या वेळी लेकीच्या दारचं पाणी पीत नव्हते, मला माहीत आहे. लेक आणि जावई दोघं सकाळी नऊला बाहेर पडतात, तुमची नात दुपारी दोनला शाळेच्या व्हॅनमधून उतरते. तिला उतरवून घ्यायला जिन्याखाली कोणीतरी उभं राहायला लागतं, आणि ती मी आहे. तुम्हाला बोलावलं होतं. तुम्ही म्हणालात, चंडीगडची थंडी सोसत नाही.

मी मुलीची आई. लग्न ठरल्यापासून तुमच्यापुढे आवाज काढला नाही. वरमाईचा मान तो वरमाईचा मान. पाय धुतले, साडी पसंत नाही म्हणालात ती बदलली. नाशिकच्या कार्यालयात मी दारात तबक घेऊन, हसून, हात जोडून उभी, आणि तुम्ही माझ्या अंगावरून सरळ पुढे गेलात आणि मागे उभ्या असलेल्या वाढपाच्या बाईला ‘या विहीणबाई’ म्हणून जवळ घेतलंत. तिची पण साडी हिरवी होती. माझ्या माहेरची सगळी माणसं बघत होती. सुशीलाकाकू आजपर्यंत मला त्यावरून चिडवते. मी एक शब्द बोलले नाही, कारण मुलगी तुमच्या घरी जाणार होती. ते सगळं गिळलं. हे गिळणार नाही.

रविवारी काय झालं ते निशांतने तुम्हाला सांगितलेलं नाही. मी सांगते.

पोरीला शाळेचे बूट घ्यायचे होते. आमच्या सेक्टर बाविसाच्या बाजारात रविवारी संध्याकाळी पाय ठेवायला जागा नसते, सगळं चंडीगड स्वस्त घ्यायला इथेच येतं. मी हळदी रंगाची साडी नेसले होते. बूट घेऊन झाल्यावर एका दुकानात डाळीच्या वड्या बघत होते, इथल्या वड्या भाजीत घातल्या की छान फुगतात, तुम्हाला पाठवणार होते मागे. निवडायला म्हणून तिचं बोट सोडलं. मान वर केली तर पोरगी नाही.

मी मराठीत ओरडले. हिंदी आठवलीच नाही. अक्षे, अक्षे करत मी गर्दीत घुसले, चपला कुठे राहिल्या माहीत नाही. दुकानदार मागून ‘बीबी जी, बीबी जी’ करतोय. शेवटी दिसली ती बसस्टँडच्या बाजूला, रस्त्याच्या कडेला, ऑटोवाले जिथे वळतात तिथे. एका बाईच्या पिवळ्या ओढणीचं टोक मुठीत धरून तिच्या मागे चालली होती. त्या बाईला पत्ताच नाही, ती फोनवर बोलत रस्ता ओलांडायला निघालेली. मी ओढणी ओढली तशी ती वळली. ‘लो जी, मैनूं तां पता ई नहीं लग्गा,’ म्हणाली आणि कपाळावर हात मारला. चांगली बाई होती म्हणून.

अक्षराने तिच्या तोंडाकडे पाहिलं, मग माझ्या. मला वाटलं आता भोकाड पसरेल. ती माझ्यावरच चिडली. ‘नानी, आप इतनी जल्दी-जल्दी क्यूँ चल रहे थे?’

कळतंय का तुम्हाला? तिला वाटत होतं ती माझ्याच मागे चालते आहे. हरवल्याचं तिला कळलंच नाही. भीती वाटली असती तर हाक मारली असती, रडली असती, कोणीतरी थांबवलं असतं. पण तिचं डोकं तिला सांगत होतं की सगळं नीट दिसतंय. चार पावलांवरून मी तिला एक पिवळा डाग आहे. तुम्हीही एक डागच. बाजारात पिवळे डाग पुष्कळ आहेत.

घरी येऊन मी तिला मारलं नाही, देवाशपथ नाही. बूट घालून बघायला लावले. एक अंगठ्याला लागतोय. ते आता बदलायला जायचंय आणि मला त्या बाजारात पाय ठेवायची हिंमत नाही.

ऋजुता म्हणते, आई, तू पत्रं लिहिणं बंद कर, त्या दुखावतात. मी म्हटलं, दुखू दे. दिवाळीला पोरगी नाशिकला येणार नाही. हे मी माझ्या अधिकारात लिहिते. मला अधिकार आहे की नाही ते नंतर ठरवू.

वासंती


२९ जुलै

शशिकलाताई,

दुसरं पत्र मिळाल्यावर तुम्ही निशांतला फोन केलात आणि एवढंच म्हणालात, ‘मला आयुष्यात काय कमी दिसलं? माझं कुठे अडलं?’ आणि ठेवून दिलात. शिव्या नाहीत, काही नाही. रविवारी मी स्वयंपाकघरात लसूण सोलत बसले होते, जावई येऊन समोर बसले आणि मदत करायला लागले. त्यांना लसूण सोलता येत नाही, साल राहते. मी विचारलं, आई असं का म्हणाल्या?

त्यांनी सांगितलं. तुम्हाला सहावीत चष्मा लागला होता. बघायला पाहुणे यायचे त्या दिवशी तुमच्या आईने तो डब्यात घालून माळ्यावर टाकला. लग्न ठरलं. सासरी कोणाला सांगितलं नाही, खुद्द नवऱ्याला, भाऊसाहेबांनाही नाही. फसवलं म्हणतील म्हणून आधी भीती, मग सवय. कागद नाकाला लावून वाचता तुम्ही. मला इतकी वर्षं वाटायचं तुम्ही निमंत्रणपत्रिकेचा वास घेता, श्रीमंत घरातली तऱ्हा असेल.

म्हणजे चाळीस वर्षं. चाळीस वर्षं तुम्ही चालण्यावरून, आवाजावरून, साडीच्या रंगावरून माणसं ओळखता आहात, आणि म्हणता आहात, मला दिसतं.

मग त्यांनी आणखी एक सांगितलं, आणि म्हणाले आईला हे कधी कळू देऊ नका. मी ‘नाही कळू देणार’ म्हटलं. आता लिहिते आहे. शिव्या मला द्या, त्यांना एक शब्द बोललात तर बघा. दुसरीत असताना शाळेच्या गॅदरिंगमध्ये ते मावळा झाले होते. सगळे मावळे सारखेच, फेटा आणि पुठ्ठ्याची तलवार. तुम्ही पुढच्या रांगेत बसून नाच संपेपर्यंत डाव्या टोकाच्या मुलाकडे बघून टाळ्या वाजवल्यात, हात केलात, डोळे पुसलेत. निशांत उजव्या टोकाला होते. घरी आल्यावर तुम्ही त्यांची दृष्ट काढलीत, म्हणालात, माझा वाघ सगळ्यांत छान नाचला. त्यांनी ‘हो’ म्हटलं.

हे सांगताना ते हसत होते. हसत हसत उठले आणि बाल्कनीत गेले, आणि बराच वेळ आत आले नाहीत. इतका मोठा ऑफिसर माणूस, पाठ आमच्याकडे, आणि हाताला लसणाचा वास.

मला काय वाटलं विचाराल तर राग. तुमच्या आईचा आला, ती तर आता नाही. भाऊसाहेबांचा आला, संसारात एकदा तरी बायकोला विचारलं नसेल, तू भाजी निवडताना ताट तोंडाशी का धरतेस. तुमचा तर आलाच. त्या कार्यालयाच्या दारात तुम्ही मला ओळखलं नाहीत, हे तुम्ही एका वाक्यात सांगितलं असतं तर नऊ वर्षं मी तुम्हाला गर्विष्ठ म्हटलं नसतं. हिरवी साडी दिसली, विहीण हिरव्या साडीत आहे हे माहीत होतं, तुम्ही जाऊन हिरव्या साडीला मिठी मारलीत. एवढंच होतं ते. त्या वाढपाच्या बाईला मात्र काय वाटलं असेल, विहिणीची मिठी फुकट मिळाली.

आता कळलं की तुम्ही खोटं बोलत नव्हता. तुम्हाला खरंच वाटलं की पोरीचं भलं केलं. तुमचं निभलं, तिचं निभेल. चष्मा काढला की पहिले काही दिवस अडतं, मग दिसायला लागतं, हे तुमच्यापेक्षा जास्त कोणाला ठाऊक असणार? कॅलेंडर तर तुम्ही पण वाचता म्हणे, रविवारच्या लाल आकड्यांवरून पुढचे वार मोजून.

पण ताई, तुमच्या आईने तुमचं केलं ते तुम्ही पोरीचं केलंत, आणि तेही लाड करून. म्हणून मी गप्प बसणार नाही. तुमचं वाईट वाटतं आणि रागही येतो, दोन्ही एकदम. काल भाकरी करपली त्या नादात. इथे बाजरीचं पीठ मुश्किलीने मिळतं.

पोरीचं तसंच आहे. शाळेत चष्मा डब्यात, घरी आम्ही समोर असलो की नाकावर, पाठ फिरली की नाही. बाईंनी वहीत लिहून पाठवलंय की फळ्यावरचं शेजारच्या मुलीच्या वहीतून उतरवते. हरलीन मॅडमनी ऑगस्टअखेर परत बोलावलंय. त्या म्हणाल्या, सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत सलग घातला तर टोचणं काही दिवसांत जातं, पण अर्धा दिवस घालून अर्धा दिवस काढला तर डोकं बिचारं रोज नव्याने गोंधळतं. मी सगळे उपाय केले. बक्षीस ठेवलं, भीती घातली, तिच्या बाहुलीला तारेचा चष्मा करून घातला. बाहुलीला घातला तेवढा तिने काढला नाही.

काल मी विचारलं, अक्षे, तू कोणाचं ऐकशील? मम्मीचं? पप्पाचं? डॉक्टरचं? तिने विचार केला. खरंच केला, भुवया जवळ आणून, अगदी तुमच्यासारख्या. म्हणाली, ‘आजी का।’ मी म्हटलं, का? तर म्हणे, ‘आजी भी बिना चश्मे के देखती है।’

तेव्हा फोनवर नुसतं ‘घाल’ म्हणून चालायचं नाही. ती वेळ गेली. पोरगी तुमच्याकडे बघून शिकली आहे, तुमच्याकडे बघूनच सोडेल. नाशकात चष्म्याची दुकानं आहेत. माळ्यावरचा तो डबा आता शोधू नका, तो नंबर सहावीतल्या मुलीचा होता.

तुम्ही गेला नाहीत तर मी काय करणार? काही नाही. रागवत बसेन, आणि तिचा उजवा डोळा ऐकणं सोडून देईल.

वासंती


१३ ऑगस्ट

शशिकलाताई,

माझ्या पत्राला उत्तर नाही. दोन ओळी नाहीत. फोटो पाठवलात तोही मला नाही, मुलाला. मी ऋजुताच्या मोबाइलवर मागून बघितला, ती अंबाड्यात पिन खोचत होती तेव्हा. याचाही मला राग आला आहे, नोंद असू द्या.

पण फोटो सांगते. काळी फ्रेम तुमच्या गोऱ्या तोंडाला शोभते. काचा जाड आहेत, डोळे आत गेल्यासारखे दिसतात, दिसू देत. तुम्ही कॅमेऱ्याकडे अशा बघताय जणू कोणी विनापरवाना घरात शिरलंय.

अक्षराने मोबाइल हिसकावला, नाकाशी नेला, मग लांब धरला, मग तरातरा आत गेली. मला वाटलं रुसली. तर सोफ्याखालून तिचा चष्मा काढून, फ्रॉकला पुसून, घालून आली. परत फोटो बघितला. म्हणाली, ‘आजी के माथे पे तो निशान है।’ तुमच्या कपाळावर भुवईजवळ व्रण आहे का हो? नऊ वर्षांत मीही कधी पाहिला नव्हता. मी तुमच्याकडे नीट बघितलंच नव्हतं, रागात माणूस तोंडाकडे कुठे बघतो.

मग तिने तुम्हाला फोन लावायला लावला. तुम्ही तिला काय बोललात ते मला ऐकू आलं नाही, त्या दिवशी आवाज बाहेर येत नव्हता. तिचं मात्र मी ऐकलं. मोठ्या बाईसारखी पलंगावर मांडी घालून सांगत होती, आजी, जमीन ऊपर आती है ना, वो पक्का होता है, डरना मत। सीढ़ी पे हाथ पकड़ना। मग बराच वेळ ऐकत बसली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, ‘नानी, आजी रो रही हैं। बोल रही हैं पापा के बाल सफ़ेद हो गए।’

हो, झाले आहेत. दोन-तीन वर्षं झाली. रोज व्हिडिओ कॉल करतात पण पडदा लहान, आणि आजवर तुम्ही फक्त आवाज ऐकत होतात, तोंड आता चष्म्यातून बघितलंत. तुमच्या भिंतीवरचा राखीपौर्णिमेचा त्यांचा जुना फोटो तेवढा नीट बघून घ्या आता, त्यात अजून काळे आहेत.

तर पोरगी महिनाभर माझं ऐकत नव्हती, आणि तुमच्या एका फोटोने ऐकलं. आज तिसरा दिवस, झोपतानाच काढते. मी किती खूश आहे ते लिहायचं नाही असं ठरवलं होतं. लिहिते. काल तिला घेऊन बूट बदलून आणले, गर्दीत, आणि ती माझ्या पुढे चालत होती, दुकानांच्या पाट्या वाचत, मोठ्याने, चुकीच्या वाचत. एका सरदारजींच्या मिशीकडे बोट करून म्हणाली, देखो नानी, दोनों तरफ़ अलग है। त्यांनी ऐकलं. मी माफी मागायच्या आत त्यांनी आरशात जाऊन बघितलं आणि म्हणाले, ‘कुड़ी सच बोलदी ऐ।’

आता तुमचं. निशांत सांगत होते, तुम्हाला गरगरतं, भांडी फार चमकतात, लोकांची तोंडं सुरकुतलेली आणि भीतीदायक दिसतात, दुपारी तुम्ही काढून ठेवता. ठेवू नका. तुमचं डोकं चाळीस वर्षांत धुक्याशी नुसती दोस्ती करून थांबलेलं नाही, त्याने संसार केलाय. तेव्हा पोरीपेक्षा तुम्हाला जास्त दिवस लागतील आणि जास्त टोचेल. तिखट लागतं म्हणून माणूस जेवण सोडत नाही. जिन्यावर कठडा धरा, रस्ता ओलांडायचा तर शेजारच्या कांचनला बरोबर घ्या. काच खरकटी झाली तर पदराने पुसू नका, ओरखडे पडतात. आणि तो रुमाल, ज्याला तुम्ही गाठ मारली होती, तो मी धुऊन या पत्रात घातला आहे. तुमच्या काचा त्याने पुसा.

मला तुमच्याशी आणखी पुष्कळ भांडायचं आहे. साडीचं राहिलं आहे, वाढपाच्या बाईचं राहिलं आहे. दिवाळीला पोरगी येईल, आणि बरोबर मी पण येईन, म्हणजे समोरासमोर होईल. तोपर्यंत डोकं दुखलं तर मला शिव्या द्या, पण चष्मा उतरवू नका.

तुमची विहीण,
वासंती